सालाझारच्या राज्यात पोर्तुगीज लोक गप्प बसले होते का?

प्रश्न असा आलाय की पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याची राजवट जवळजवळ अर्धं शतक चालली, गोव्यात आपली माणसं तिच्याविरुद्ध लढली, पण खुद्द पोर्तुगालातले लोक तेव्हा काय करत होते, आणि ते गप्प नव्हते तर ती पडायला १९७४ का उजाडावं लागलं. मी गोव्यात कॉलेजमधे इतिहास शिकवलाय, पोर्तुगीज वाचता येतं त्यामुळे त्या काळातल्या खटल्यांचे कागद, जेलमधून सुटलेल्यांच्या आठवणी हेच माझं काम राहिलंय, म्हणून जरा लांबच लिहिते.

सरळ सांगायचं तर गप्प नव्हते. १९२६ ते १९७४ या ४८ वर्षांत एकही दशक असं गेलं नाही की ज्यात बंड, संप किंवा मोठी चळवळ झाली नाही. फक्त ते सगळे हरत गेले, आणि हरलेल्यांबद्दल आपल्याकडे कोणी फारसं शिकवत नाही, त्यामुळे आपल्या डोक्यात चित्र असं की एका बाजूला सालाझार आणि त्याच्यामागे सगळा पोर्तुगाल, दुसऱ्या बाजूला आपण. ते चित्र चुकीचं आहे आणि माझ्या मते गोव्याच्या लढ्यावरही ते अन्याय करतं, का ते पुढे येईलच.

आधी ही राजवट काय होती ते थोडक्यात. २८ मे १९२६ ला लष्कराने सत्ता घेतली, १९२८ ला कोइंब्रा विद्यापीठातला अर्थशास्त्राचा प्राध्यापक सालाझार अर्थमंत्री झाला, १९३२ ला पंतप्रधान. १९३३ ला नवीन घटना सार्वमताला टाकली आणि त्यात जे मतदानाला आलेच नाहीत त्यांची मतंसुद्धा बाजूने धरली. एकच पक्ष, स्वतंत्र युनियन बंद, संप करणं गुन्हा, पेपरवर सेन्सॉरची निळी पेन्सिल, १९३६ पासून शाळकरी पोरांची गणवेशातली संघटना आणि मोठ्यांचं निमलष्करी दल, हात पुढे करून सलाम वगैरे. याला फॅसिझम म्हणावं की नुसती कडवी हुकूमशाही यावर अभ्यासकांची भांडणं अजून चालू आहेत. सालाझारला मुसोलिनीसारखी गर्दी जमवायची हौस नव्हती, तो घरात बसून फायली बघणारा माणूस होता, हे खरं. पण ज्यांना त्याच्या पोलिसांनी उभं करून ठेवलं ते सगळे त्याला फॅसिझमच म्हणत आले, आणि मीही तोच शब्द वापरते.

उभं करून ठेवलं म्हणजे काय ते सांगते, कारण त्याशिवाय बाकीचं कळणार नाही. राजकीय पोलीस, ज्यांचं नाव १९४५ पासून पिडे असं झालं, त्यांची आवडती पद्धत म्हणजे माणसाला 'पुतळा' करायचं, भिंतीसमोर उभं करायचं, बसायचं नाही, टेकायचं नाही, पाय सुजेपर्यंत. दुसरी पद्धत झोपू न देण्याची, दिवसेंदिवस, माणसाला भास व्हायला लागेपर्यंत. आरोप न ठेवता सहा महिन्यांपर्यंत डांबता यायचं, मग खास राजकीय कोर्टात खटला, तिथे आरोपीने छळाबद्दल तोंड उघडलं तर कोर्टातच मारहाण झाल्याची उदाहरणं आहेत. आणि शिक्षा भोगून झाली तरी सुटका नक्की नाही, हा माणूस अजून धोकादायक आहे असं म्हणून मुदत वाढवता यायची, पुन्हा वाढवता यायची. पगारी आणि बिनपगारी खबरे सगळीकडे, ऑफिसात, चहाच्या टेबलावर, नातेवाइकांत. संख्येने पिडे फार मोठी नव्हती, तिची ताकद यात होती की शेजारचा माणूस खबऱ्या आहे की नाही हे कोणालाच सांगता येत नव्हतं.

पहिली दहा वर्षं विरोध झाला तो उघड बंडाचा. १९२७ च्या फेब्रुवारीत पोर्तू आणि लिस्बनमधे रस्त्यावर लढाई झाली, १९३१ ला मदेइरा बेटावर उठाव झाला, १८ जानेवारी १९३४ ला युनियनबंदीविरुद्ध देशभर संपाची हाक होती आणि मारिन्या ग्रांद नावाच्या काचकारखान्यांच्या गावात कामगारांनी काही तास गाव ताब्यात घेतलं. सगळं चिरडलं गेलं. ८ सप्टेंबर १९३६ ला लिस्बनच्या नदीत नौदलाच्या खलाशांनी जहाजं ताब्यात घेतली, किल्ल्यावरून तोफा डागून ती अडवली, काही खलाशी मेले, उरलेल्यांना शिक्षा झाल्या. त्यातल्या एका जहाजाचं नाव आफोन्सो द आल्बुकर्क. हो, तेच जहाज जे डिसेंबर १९६१ मधे मुरगावला आपल्या नौदलाशी लढताना निकामी झालं. गोव्यात त्या जहाजाची गोष्ट सगळ्यांना माहितीये पण त्याच डेकवर २५ वर्षं आधी पोर्तुगीज खलाशांनी सालाझारविरुद्ध बंड केलं होतं हे मी वर्गात सांगायचे तेव्हा दरवेळी पोरं चमकायची.

या पकडलेल्यांसाठी सरकारने आफ्रिकेजवळच्या काबो वेर्द बेटांवर ताराफाल नावाची छावणी उघडली. पहिले कैदी ऑक्टोबर १९३६ मधे आले, त्यात हे खलाशी होते, १८ जानेवारीचे कामगार होते. उन्हात तापणारी सिमेंटची बंद कोठडी होती, कैदी तिला तवा म्हणायचे. मलेरियाला औषध नाही. १९५४ ला छावणी बंद होईपर्यंत तिथे ३२ कैदी मेले, त्यात कम्युनिस्ट पक्षाचा सरचिटणीस बेंतो गोन्साल्विशसुद्धा होता.

आता मला ज्याबद्दल सगळ्यात जास्त लिहायचंय ते. उघड बंड जमत नाही म्हटल्यावर विरोध घरात शिरला, शब्दशः घरात. कम्युनिस्ट पक्ष १९४० च्या सुमाराला पुन्हा बांधला गेला आणि त्यांनी एक पद्धत उभी केली, गुप्त घरांची. एखाद्या साध्या वस्तीत भाड्याने घर घ्यायचं, एक जोडपं राहायला येणार, कधी खरं नवराबायको, कधी फक्त कागदावरचे, खोटं नाव, खोटा धंदा, नवरा फिरतीचा विक्रेता आहे म्हणून बाहेरगावी असतो असं शेजाऱ्यांना सांगायचं. आत एका खोलीत छोटा हाताने चालवायचा छापखाना किंवा टाइपरायटर. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून खाली घोंगड्या. 'आवांते' नावाचं त्यांचं वर्तमानपत्र १९३१ ला निघालं, अधूनमधून बंद पडलं, पण १९४१ पासून १९७४ पर्यंत ते देशातल्या देशात अशा घरांमधून छापलं गेलं, अगदी पातळ कागदावर, बारीक टायपात, घडी करून बुटात किंवा भाजीच्या पिशवीत मावेल असं. जगात एवढा काळ हुकूमशाहीच्या नाकाखाली आतच छापलेलं पत्र दुसरं शोधायला फार कष्ट पडतील.

आणि हे सगळं बायकांनी चालवलं हे नीट लक्षात घ्या. पुरुष मीटिंगांना फिरायचे, घर सांभाळायची ती बाई. म्हणजे काय करायचं? खिडकीत ठरलेली खूण ठेवायची, धोका असेल तर काढायची. शेजारणीशी बोलायचं पण मैत्री करायची नाही, न बोललं तरी संशय, जास्त बोललं तरी संशय. टाइप करायचं, खिळे जुळवायचे, कागद एकाच दुकानातून कधी घ्यायचा नाही. आईबापांना, भावंडांना वर्षानुवर्षं भेटायचं नाही, पत्र नाही, आई वारली तरी कळायचं नाही. मूल झालं तर ते शाळेच्या वयाचं होईपर्यंत जवळ, कारण शाळेत कागदपत्रं लागतात आणि पोर चुकून खरं नाव बोलून जातं, मग त्याला आजीकडे नाहीतर परदेशात पाठवायचं. पोलिसांची धाड पडली की तिने पहिलं काम करायचं ते कागद जाळायचं, दार फुटेपर्यंत जेवढे जळतील तेवढे, आणि नवरा किंवा साथीदार निसटेपर्यंत पोलिसांना दारात अडवून ठेवायचं. आपल्या भूमिगत चळवळीतल्या बायकांच्या आठवणी ज्यांनी वाचल्यात त्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल, फरक एवढाच की इथे हे तीसपस्तीस वर्षं चाललं. नेत्यांची चरित्रं आधी आली, या बायका बोलायला लागल्या त्या फार नंतर, आणि माझ्या मते पोर्तुगीज प्रतिकाराचा कणा त्या होत्या.

छापखाने सांभाळणारा जोझे मोरेइरा, मारिन्या ग्रांदचाच काचकामगार, १९५० ला पिडेच्या ताब्यात मेला, त्याने छापखान्यांचे पत्ते दिले नाहीत. खोटे पासपोर्ट आणि ओळखपत्रं बनवायची कार्यशाळा एका शिल्पकाराने उभी केली होती, जोझे दियाश कोएल्यो, बायको मार्गारिदा तेंगारिन्या तीही चित्रकार, दोघांनी आपली कला बाजूला ठेवून शिक्के आणि सह्यांच्या नकला करण्यात आयुष्य घातलं. त्याला पिडेने लिस्बनच्या रस्त्यात गोळ्या घालून मारलं, तारीख १९ डिसेंबर १९६१. ज्या दिवशी गोव्यात पोर्तुगीज शरण आले तोच दिवस. आपण दरवर्षी ती तारीख साजरी करतो, करायलाच हवी, पण त्याच संध्याकाळी लिस्बनमधे काय झालं हेही आपल्याला माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

शहरं सोडून बघायचं तर दक्षिणेला आलेंतेजो. मोठमोठ्या जमीनदाऱ्या, भूमिहीन मजूर, सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम. १९ मे १९५४ ला बालेइझांव गावात कापणीच्या मजुरणी वाढीव मजुरी मागायला गेल्या, पुढे होती कातारिना एउफेमिया, वय २६, तीन मुलांची आई, एक मूल कडेवर, तिला नॅशनल गार्डच्या लेफ्टनंटने जवळून गोळ्या घातल्या. त्या भागात तिचं नाव अजून घरोघरी घेतात. पण इथे नुसतं रडून थांबू नका, १९६२ च्या मे महिन्यात याच मजुरांनी संप करून आठ तासांचा दिवस मिळवला, संप बेकायदेशीर असताना, हुकूमशाही पूर्ण जोरात असताना. असे विजय छोटे दिसतात पण लोकांना टिकवून ठेवलं ते यांनी.

आता गोव्याचा धागा. १८ जून १९४६ ला मडगावला लोहियांची सभा झाली, त्यानंतर जी धरपकड झाली त्यात टी. बी. कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, डॉ. राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे, फांचू लॉयोला यांना शिक्षा देऊन पोर्तुगालला पाठवलं, पेनिशच्या किल्ल्यात. समुद्राच्या कड्यावरचा किल्ला, खाली लाटा, हा राजवटीचा सगळ्यात बंदोबस्ताचा तुरुंग, पोर्तुगीज विरोधकांना ठेवायचा. म्हणजे सालाझारच्या दृष्टीने गोव्याचा सत्याग्रही आणि लिस्बनचा कम्युनिस्ट कामगार एकाच खात्यातले. त्याच किल्ल्यातून १९५४ मधे दियाश लोरेंसू शिक्षेच्या कोठडीतून थंड समुद्रात उडी मारून पोहत निसटला, आणि ३ जानेवारी १९६० ला कम्युनिस्ट पक्षाचा पुढारी आल्वारो कुन्याल नऊ साथीदारांसह पळाला, एका पहारेकऱ्याला आपल्या बाजूने वळवलं होतं, त्याने एकेकाला स्वतःच्या मोठ्या कोटाखाली झाकून भिंतीपर्यंत नेलं आणि पुढे चादरींचा दोर.

दुसरा तुरुंग काशियासचा, लिस्बनजवळ. ४ डिसेंबर १९६१ ला तिथून आठ कैदी पळाले ते सालाझारसाठी आणलेल्या चिलखती गाडीतून. आंतोनियो तेरेझो नावाचा कैदी, मूळचा बसवाला, त्याने फुटल्याचं नाटक केलं, साथीदारांनी त्याला गद्दार म्हणावं, बोलणं टाकावं, हे सगळं महिनोन् महिने सोसलं, तुरुंगाच्या गॅरेजात मेकॅनिक झाला आणि ती गाडी दुरुस्त करून एके सकाळी साथीदारांना आत घालून फाटक तोडून बाहेर काढली. गोळ्या काचेला लागून परत. हे मी रंगवून सांगत नाहीये, गाडी खरीच चिलखती होती. आणि याच काशियासमधे आपले मोहन रानडे होते. मूळचे सांगलीचे, आझाद गोमंतक दलाचे, १९५५ ला बेतीच्या चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले, २६ वर्षांची शिक्षा, नंतर पोर्तुगालला नेलं. गोवा १९६१ ला सुटला, रानडे सुटले नाहीत, ते बाहेर आले जानेवारी १९६९ मधे, त्यासाठी महाराष्ट्रात सुधीर फडक्यांसारख्या माणसांनी किती धडपड केली ते जुन्या लोकांना आठवत असेल. गोव्याचेच स्वातंत्र्यसैनिक तेलो माश्करेन्यश तर त्यांच्याही नंतर, १९७० ला सुटले.

एक गोष्ट आपल्याकडे जवळजवळ कोणालाच माहीत नाही. १९५४ मधे, दादरा नगर हवेली हातची गेली आणि लिस्बनमधे देशभक्तीचा नुसता कल्लोळ चालला होता तेव्हा पोर्तूच्या काही लोकांनी पत्रक काढलं की गोवा, दमण, दीवबद्दल भारताशी बोलणी करा. त्यांचा पुढारी रुय लुईश गोमिश, पोर्तुगालचा अव्वल दर्जाचा गणिती, त्याला १९४७ लाच विद्यापीठातून काढलेलं होतं. सोबत जोझे मोर्गादो, तोही गणिती, आणि व्हिर्जिनिया मोउरा, पेशाने इंजिनियर. सगळ्यांना अटक, देशद्रोहाचा आरोप. विचार करा, स्वतःच्या देशात, सगळे पेपर विरुद्ध, शेजारी विरुद्ध, आणि ही माणसं म्हणतायत की बोलणी करा. ती जेलमधे गेली. गोव्यात यांच्या नावाचा एखादा रस्ता असायला हवा असं मी पूर्वीही म्हटलंय, परत म्हणते.

पण सगळेच विरोधक असे नव्हते, हेही तेवढंच खरं सांगायला हवं. १९४९ ला राष्ट्राध्यक्षपदासाठी विरोधकांचा उमेदवार होता जनरल नॉर्तोन द मातुश, अंगोलाचा माजी गव्हर्नर जनरल, तरुणपणी गोव्यात जमीन मोजणीचं काम केलेला, त्याला लोकशाही हवी होती पण वसाहतींसकट. जुन्या प्रजासत्ताकवाद्यांपैकी बहुतेकांचं असंच. कम्युनिस्ट पक्षानेसुद्धा वसाहतींचा स्वातंत्र्याचा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केला तो १९५७ च्या अधिवेशनात. घरात स्वातंत्र्य आणि बाहेर साम्राज्य असं दोन्ही एकत्र चालू शकत नाही, हे पोर्तुगीज विरोधकांना समजायला खूप वेळ लागला आणि माझ्या मते ही राजवट इतकी टिकली याचं हे एक मोठं कारण आहे. बाकीची कारणं म्हणजे स्पेनमधे शेजारी फ्रांको, दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटन अमेरिकेला अटलांटिकमधल्या आसोर्स बेटांवरचे तळ हवे होते म्हणून १९४९ ला नाटोत प्रवेश, आणि चर्च बहुतांशी सालाझारच्या बाजूला. बहुतांशी म्हणते कारण पोर्तूच्या बिशपने १९५८ ला सालाझारला गरिबीबद्दल कडक पत्र लिहिलं आणि त्याला दहा वर्षं देशाबाहेर राहावं लागलं.

१९५८ ची निवडणूक मात्र वेगळी होती. उमेदवार उंबेर्तो देलगादो, हवाई दलाचा जनरल, आधी राजवटीचाच माणूस, वॉशिंग्टनला राहून आल्यावर बदललेला. १० मे १९५८ ला लिस्बनच्या एका कॅफेत पत्रकारांनी विचारलं की निवडून आलात तर सालाझारचं काय करणार, तो म्हणाला अर्थातच, त्यांना काढून टाकीन. बस्स. तीस वर्षं जे कोणी मोठ्याने बोललं नव्हतं ते एक गणवेशातला माणूस बोलला. चार दिवसांनी पोर्तूत त्याच्या स्वागताला एवढी गर्दी उसळली की सरकार हादरलं. मतमोजणीत त्याला साधारण चौथा हिस्सा दाखवला, त्या आकड्यावर तेव्हाही कोणाचा विश्वास नव्हता, आणि पुढच्या वर्षी घटना बदलून राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूकच रद्द केली. देलगादोला ब्राझीलमधे आश्रय घ्यावा लागला. १३ फेब्रुवारी १९६५ ला पिडेच्या लोकांनी विरोधक अधिकारी असल्याची बतावणी करून त्याला स्पेनच्या सीमेवर बोलावलं आणि तिथे त्याला आणि त्याच्या सेक्रेटरीला मारलं. त्याच्यावर गोळी झाडणारा म्हणून दोषी ठरला तो कासिमिरो मोंतेरो. गोव्यातल्या जुन्या माणसांना हे नाव ऐकलं तरी अंगावर काटा येतो. गोव्यातच जन्मलेला, इथल्या पोलिसात असताना सत्याग्रहींचा छळ करण्यात कुप्रसिद्ध झालेला एजंट मोंतेरो, तोच हा. इथल्या कोठड्यांत त्याने जे केलं त्यावर तिथे कोणी जाब विचारला नाही, उलट पुढच्या मोठ्या कामाला त्यालाच घेतलं.

१९६१ मधे सगळं एकदम अंगावर आलं. जानेवारीत गालवांव नावाच्या माजी अधिकाऱ्याने सांता मारिया हे प्रवासी जहाज भर समुद्रात ताब्यात घेऊन जगभर सालाझारचं नाव घालवलं. हा तोच माणूस ज्याने १९४७ ला अंगोलातल्या वेठबिगारीचा अहवाल पोर्तुगीज संसदेत मांडला होता आणि मग जेलमधे गेला होता. फेब्रुवारीत अंगोलाच्या राजधानीत, लुआंडात उठाव, एप्रिलमधे खुद्द संरक्षणमंत्र्याने सालाझारला हटवायचा प्रयत्न केला तो फसला. डिसेंबरात गोवा. सालाझारचा हुकूम होता शरण जायचं नाही, शेवटच्या माणसापर्यंत लढा. गव्हर्नर वासालो इ सिल्वाने ते ऐकलं नाही आणि हजारो पोर्तुगीज सैनिकांचे आणि आपल्या लोकांचे जीव वाचवले. त्याची शिक्षा अशी की हे सैनिक गोव्यातल्या युद्धकैद्यांच्या छावण्यांमधे मे १९६२ पर्यंत अडकले कारण लिस्बनला त्यांना परत न्यायची घाई नव्हती, परत गेल्यावर त्यांना गुन्हेगारासारखी वागणूक, आणि १९६३ ला वासालो इ सिल्वा आणि आणखी काही अधिकारी लष्करातून बडतर्फ. गोवा पडल्यावर दोन आठवड्यांच्या आत, वर्षाच्या शेवटच्या रात्री, काही अधिकारी आणि नागरिकांनी दक्षिणेतल्या बेजा शहरातल्या लष्करी बराकीवर हल्ला केला, तोही फसला. देलगादो त्यासाठी वेषांतर करून देशात आला होता.

आणि इथून १९७४ चा रस्ता निघतो. अंगोला, गिनी, मोझांबिक या आफ्रिकेतल्या वसाहतींत, तीन आघाड्यांवर युद्ध, बजेटचा जवळपास ४० टक्के भाग लष्करावर, दहा लाखांहून जास्त लोक फ्रान्स जर्मनीला निघून गेले, त्यात सैन्यभरती चुकवणारी पोरंही कितीतरी. १९६२ आणि १९६९ ला विद्यार्थ्यांचे संप झाले, १९७२ च्या शेवटच्या दिवसांत लिस्बनच्या एका चॅपेलमधे कॅथलिक लोक युद्धाविरुद्ध उपासाला बसले, त्यांनाही उचललं. १९६८ ला सालाझार खुर्चीवरून पडला, मेंदूला मार बसला, त्याच्या जागी मार्सेलो कायतानो आला, लोकांना वाटलं आता सैल होईल, काही झालं नाही. १९७३ ला गिनीत विमानं पाडणारी क्षेपणास्त्रं बंडखोरांकडे आली आणि तिथलं युद्ध हरल्यात जमा झालं. कायतानोचं म्हणणं होतं की बोलणी करण्यापेक्षा लष्करी पराभव झालेला बरा. हे ऐकल्यावर कॅप्टन दर्जाच्या अधिकाऱ्यांच्या डोळ्यासमोर कोण आलं असेल? गोव्याचे बडतर्फ अधिकारी. आपल्यालाही असंच हरायला सोडून देणार आणि मग दोष आपल्यावर टाकणार. गोव्याची ही आठवण त्यांच्यात खोल होती. सुरुवात झाली बढतीच्या नियमावरून, जुलै १९७३ च्या एका वटहुकमाने कायम अधिकाऱ्यांची ज्येष्ठता जात होती, सप्टेंबरात आलेंतेजोतल्या एका शेतावर पहिली मोठी बैठक झाली, आणि काही महिन्यांत बढतीचा विषय मागे पडून राजवट पाडायचं ठरलं.

बढतीची तक्रार एवढ्या थोडक्या वेळात एवढी मोठी कशी झाली? माझं उत्तर असं की त्यांच्या हाताशी तयार विचार होते. एप्रिल १९७३ ला आवेइरो शहरात विरोधकांचं अधिवेशन झालं, तिथे परागंदा असलेल्या मेदेइरोश फेरेइराने पाठवलेल्या निबंधात लोकशाही, वसाहतमुक्ती, विकास हे शब्द एकत्र मांडलेले होते, वर्षभरात तेच लष्करी चळवळीचा कार्यक्रम झाले. कॅप्टन लोकांकडे रणगाडे होते, पण रणगाडे घेऊन नेमकं काय मागायचं हे चाळीस वर्षं हरत आलेल्या माणसांनी लिहून ठेवलेलं होतं. म्हणून लष्कराने पाडलं की लोकांनी पाडलं हा वाद मला पटत नाही.

२५ एप्रिलचा दिवस तुम्हाला माहीत असेलच, मध्यरात्रीनंतर रेडिओवर झेका आफोन्सोचं ग्रांदोला गावावरचं गाणं लागलं ती खूण, पहाटे सांतारेंहून साल्गेइरो माया तुकडी घेऊन लिस्बनला, संध्याकाळी कायतानो शरण. रेडिओवरून वारंवार सांगत होते घरातच थांबा आणि लोकांनी ऐकलं नाही, रस्ते भरून गेले, बंदुकीच्या नळीत कार्नेशन खोचली गेली. त्या दिवशी चार माणसं मेली ती पिडेने आपल्या मुख्यालयाच्या खिडक्यांतून गर्दीवर झाडलेल्या गोळ्यांनी. पुढच्या रात्री काशियास आणि पेनिशचे कैदी सुटले, नवीन लष्करी मंडळ काही जणांना मागे ठेवू बघत होतं, कैदी म्हणाले सगळे नाहीतर कोणीच नाही, आणि बाहेर जमलेली माणसंही तेच ओरडत होती. सगळे सुटले. ३१ डिसेंबर १९७४ ला दिल्लीत करार करून पोर्तुगालने गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली भारताचे असल्याचं मान्य केलं, त्यावर पोर्तुगालतर्फे परराष्ट्रमंत्री मारियो सोआरिश होता, जो स्वतः सालाझारच्या तुरुंगांत बारा वेळा जाऊन आलेला वकील, देलगादोच्या कुटुंबाची केस लढवणारा.

पिडेवाल्यांचं पुढे काय झालं असं विचाराल तर फारसं काही नाही, आणि याचा मला राग आहे. बहुतेकांना किरकोळ शिक्षा, १९७५ च्या जूनमधे ८९ जण एका तुरुंगातून पळाले. मोंतेरोला १९८१ ला गैरहजेरीत शिक्षा झाली, तो दक्षिण आफ्रिकेत होता, तिथेच मेला. पिडेच्या मुख्यालयाचे २००५ च्या सुमाराला महागडे फ्लॅट करायचं ठरलं, जुने कैदी रस्त्यावर आले, फ्लॅट झालेच. पण त्या आंदोलनातून उभ्या राहिलेल्या लोकांनी पाठ सोडली नाही, २०१५ ला लिस्बनच्या आल्जुब तुरुंगाचं म्युझियम झालं, आणि २०१६ ला पेनिशच्या किल्ल्यात हॉटेल करायची योजना आली तेव्हा एवढा विरोध झाला की सरकारला ती मागे घ्यावी लागली, एप्रिल २०२४ पासून तिथे प्रतिकाराचं राष्ट्रीय म्युझियम आहे. कुन्हा, काकोडकर, हेगडे, भेंब्रे, लॉयोला याच किल्ल्यात होते. गोव्यात किंवा महाराष्ट्रात कोणाच्या घरात पेनिशहून, काशियासहून आलेली पत्रं, कार्डं, सेन्सॉरचा शिक्का असलेली पाकिटं पडलेली असतील तर ती कृपा करून फेकू नका, स्कॅन करा आणि गोव्याच्या पुराभिलेख खात्यात दाखवा, या माणसांच्या तिथल्या वर्षांबद्दल मराठीत अजून फार थोडं लिहिलं गेलंय.